रूढार्थ, दृश्यार्थ आणि पुराव्याची तहान : 'लूझिंग माय रिलिजन'च्या चित्रफितीविषयी

१

कलाकृतीचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप आला तेव्हापासून तो या ना त्या रूपात उपस्थित होत आला आहे. मात्र छापील शब्दाची हद्द ओलांडली की या प्रश्नाची धार बोथट होते, असे दिसते. कवितेतील एका अनवट प्रतिमेवर तासभर खल करणारा वर्ग तितक्याच अनवट चलत्चित्रापुढे एका शब्दात मोकळा होतो. तो शब्द एक तर 'अतिवास्तव' असतो, नाही तर 'निरर्थक'. पहिल्याने कौतुक केल्याचे आणि दुसऱ्याने नाकारल्याचे समाधान मिळते. विचार मात्र दोन्ही ठिकाणी थांबलेला असतो. त्यानंतर येणारे 'ज्याचा त्याने अर्थ लावावा' हे उदार वाक्यही बहुधा अर्थ लावण्याचे कष्ट टाळण्याचाच मार्ग असतो.

या दृष्टीने 'लूझिंग माय रिलिजन' या गाण्याच्या चित्रफितीचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. हे गाणे आर. ई. एम. या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचे. जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी १९८० मध्ये स्थापन झालेल्या या वृंदात मायकेल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी असे चौघे होते; २०११ मध्ये तो विसर्जित झाला. 'आउट ऑफ टाइम' या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेतील या गाण्याच्या चित्रफितीचे दिग्दर्शन जालंधर येथे जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात दृश्यकलेचे शिक्षण घेतलेल्या तारसेम सिंग यांनी केले. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रफितीसह सहा पुरस्कार तिला मिळाले. पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. १९९१ मध्येच उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतात आले, आणि महानगरांतील एका पिढीच्या दृश्यस्मृतीत अशा चित्रफितींना जागा मिळाली. तेव्हापासून या चित्रफितीविषयीचा वाद मिटलेला नाही. ती धर्मश्रद्धा गमावण्याविषयी आहे, असे एक पक्ष म्हणतो. ती एकतर्फी प्रेमाविषयी आहे, असे दुसरा म्हणतो. ती कशाविषयीही नाही, सुंदर चित्रांची ती केवळ गोधडी आहे, असे तिसऱ्याचे मत. हे तिन्ही पक्ष अपुरे का ठरतात आणि त्यांच्या पलीकडे मूल्यनिर्णयाला कोणता आधार उरतो, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

२

प्रथम चित्रफितीत काय दिसते ते नोंदवणे आवश्यक आहे. कारण वाद पुष्कळदा दृश्याकडे न पाहताच घातला जातो. आरंभी संगीत नाही. एक जुनाट, बंदिस्त खोली आहे. वृंदातील तिघे खोलीतून धावत जातात. गायक मात्र बसून राहतो. खिडकीच्या चौकटीवरील दुधाचे भांडे खाली पडून फुटते. मग मँडोलिनचे सूर सुरू होतात आणि त्या खोलीतील दृश्यांच्या अधूनमधून झांक्यांसारखे स्थिर, सजवलेले देखावे येऊ लागतात. पंख असलेला वृद्ध, बाणांनी विद्ध झालेला संत सेबास्टियन, ख्रिस्ताच्या जखमेची खातरजमा करणारा थॉमस, हिंदू देवतांची रूपे, धातूचे पंख घडवणारे, क्रांतिकाळातील भित्तिपत्रकांची आठवण करून देणारे कामगार असे ते देखावे आहेत. मधूनमधून गायक खोलीत हातपाय झटकत, तोल गेल्यासारखा नाचतो. पाच मिनिटांच्या आतच सारे संपते. कथा नाही; देखाव्यांना जोडणारा निवेदकही नाही.

या प्रतिमांचे मूळस्रोत लपवलेले नाहीत. पडणारे दूध आंद्रेई तार्कोव्हस्की यांच्या 'द सॅक्रिफाइस' या १९८६ च्या अखेरच्या चित्रपटाकडे बोट दाखवते. अंधारातून अंगावर येणारा प्रकाश आणि थॉमसचा प्रसंग कॅरावॅज्जिओचा आहे. त्याचे त्या विषयावरील चित्र १६०१-०२ च्या सुमाराचे मानले जाते. पंखांचा वृद्ध गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या प्रचंड पंखांच्या म्हाताऱ्याच्या कथेतून आला आहे. गाण्याची बांधणीही ध्यानात घ्यावी. रॉक गीतात अपेक्षित असलेले, पुन्हापुन्हा येऊन श्रोत्याला विसावा देणारे ध्रुवपद या गाण्यात नाही. स्वरावली पुढे सरकते, पण कुठे पोहोचत नाही. देखाव्यांचेही तेच होते. एकामागून एक येतात, परंतु त्यांतून निष्कर्ष निघत नाही. संगीत आणि दृश्य यांच्यातील हे साम्य विसरून चालणार नाही. अशा चित्रफितींविषयीचे लेखन केवळ दृश्याकडे पाहते आणि संगीत ऐकतच नाही, हा अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात घेतलेला आक्षेप येथे लागू पडतो.

३

पहिला पक्ष गायकाच्या खुलाशाचा. मायकेल स्टाइप यांनी हे गाणे एकतर्फी ओढीचे, एखाद्याच्या ध्यासाने पछाडलेल्या मनाचे आहे, असे सांगितले आहे. शीर्षक हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील वाक्प्रचार आहे. संयम सुटणे, सहनशक्तीच्या टोकाला येणे, असा त्याचा अर्थ. धर्माशी त्याचा आता संबंध उरलेला नाही. हा खुलासा हाती आला की एक वर्ग चित्रफितीला निकालात काढतो. दिग्दर्शकाला वाक्प्रचार कळला नाही, त्याने शब्दशः चित्रे काढली आणि प्रेमगीताचे धर्मचिंतन करून टाकले, असे हे मत आहे.

या आक्षेपाचे स्वरूप भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके मांडता येते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत. मुख्यार्थाला बाध यावा लागतो, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असावा लागतो, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार लागतो. रूढी लक्षणेचे त्याने दिलेले 'कुशल' हे उदाहरण प्रसिद्ध आहे. कुश नावाचे दर्भ तोडून आणणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आज कोणाच्याही मनात येत नाही. निपुण हाच अर्थ थेट उभा राहतो. वाक्प्रचारांचेही असेच होते. 'त्याने डोक्यात राख घातली' असे मराठीत म्हटले, की रागाच्या भरात मागचा-पुढचा विचार सोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. राख, वैराग्य, संसारत्याग यांची चित्रे रूढीने झाकून टाकलेली असतात. 'देव पाण्यात घालून बसणे' या प्रयोगात तर मूर्ती आणि पाणी दोन्ही असूनही ऐकणाऱ्याला फक्त आतुरता ऐकू येते.

आता एखाद्या दिग्दर्शकाने या वाक्प्रचारावर दृश्य रचताना खरोखरच राखेने माखलेला बैरागी दाखवला, तर त्याला भाषेचे अज्ञान म्हणायचे काय? म्हणता येईल, पण तेवढेच म्हणून थांबता येणार नाही. कारण त्याने एक निराळीच क्रिया केलेली असते. रूढीने बुजवलेली वाच्यार्थाची वाट त्याने पुन्हा मोकळी केलेली असते. संयम सुटण्याच्या अनुभवासाठी या भाषिक समाजाने धर्म गमावण्याचेच रूपक का निवडले असेल, हा प्रश्न बोलणाऱ्याला कधी पडत नाही. तो चित्रकाराला पडू शकतो. तारसेम सिंग यांच्या चित्रफितीचे पहिले श्रेय हे आहे. तिने मृत रूपक जागे केले. लक्षणेकडून अभिधेकडे परत जाऊन तेथून नवी व्यंजना शोधण्याचा हा प्रवास आहे. दिग्दर्शकाने तो जाणून केला की अजाणता, हा प्रश्न चरित्रकाराचा आहे. विमसॅट आणि बिअर्डस्ले यांनी १९४६ मध्ये कर्त्याच्या हेतूला निकष मानण्यातील जो हेत्वाभास दाखवून दिला, तो कवीच्या हेतूइतकाच दिग्दर्शकाच्या अज्ञानालाही लागू आहे. हेतूने कृती सिद्ध होत नसेल, तर हेतूच्या अभावाने ती असिद्धही होत नाही.

अर्थात, यातून गायकाचा खुलासा खोटा ठरतो असे नाही. तो गाण्याविषयी खरा आहे. परंतु गाणे आणि चित्रफीत या दोन कृती आहेत. नाट्यसंहिता आणि प्रयोग यांत फरक करायला शिकलेल्या मराठी अभ्यासकाला हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

४

दुसरा पक्ष दृश्यांवर विसंबतो. इतके संत, देवदूत आणि देवता दिसत असताना ही चित्रफीत श्रद्धाभंगाची नाही, असे कसे म्हणावे, असा त्याचा युक्तिवाद असतो. वरवर तो बिनतोड वाटतो. परंतु श्रद्धाभंग दाखवायचा तर श्रद्धा कोठे होती आणि ती कशाने भंगली, याची काही खूण दृश्यात असायला हवी. तशी खूण येथे मिळत नाही. प्रार्थना करणारा माणूस नाही, प्रार्थना सोडून देणाराही नाही. धार्मिक प्रतिमा आहेत म्हणून विषय धार्मिक, हा निष्कर्ष प्रतिमा आणि आशय यांची गल्लत करतो. विठ्ठलाचे नाव आले म्हणून प्रत्येक आधुनिक मराठी कवितेला भक्तिकाव्य म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

याच पक्षाच्या जवळपास 'अतिवास्तव' हे विशेषण वावरते, म्हणून त्याचीही तपासणी येथेच करावी. आंद्रे ब्रताँ यांच्या १९२४ च्या जाहीरनाम्यातील अतिवास्तववाद हा बुद्धीच्या नियंत्रणातून सुटलेल्या मनोव्यापाराचा आग्रह धरतो. बुन्युएल आणि दाली यांनी 'आँ शिएँ आँदालू' हा १९२९ चा चित्रपट लिहिताना तर्काने उलगडा होईल अशी एकही प्रतिमा स्वीकारायची नाही, असा नियम केला होता. बुन्युएल यांनी आपल्या आठवणींत तो नोंदवला आहे. या कसोटीवर प्रस्तुत चित्रफीत उतरत नाही. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक प्रतिमेचा पत्ता सांगता येतो. ती नेणिवेतून वर आलेली नसून संग्रहालयातून, चित्रपटगृहातून आणि कथासंग्रहातून आलेली आहे. स्वप्नासारखी आहे ती प्रतिमांची जुळणी. म्हणून तिला अतिवास्तववादी न म्हणता स्वप्नसदृश अवतरणांची रचना म्हणणे अधिक अचूक होईल. हा केवळ परिभाषेचा काटेकोरपणा नव्हे. अतिवास्तव प्रतिमेला 'तू कोठून आलीस' हे विचारता येत नाही. अवतरणाला ते विचारावेच लागते, आणि 'मूळ ठिकाणाहून येताना काय आणलेस, काय टाकून आलीस' हेही विचारावे लागते. मूल्यमापनाची दिशा या भेदावरून ठरते.

५

तिसरा पक्ष नेमके हेच विचारतो आणि उत्तर देतो, की काहीच आणलेले नाही. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ मधील आपल्या विख्यात निबंधात उत्तर-आधुनिक कलेतील अनुकरणाचे वर्णन भावशून्य, हेतुशून्य विडंबन असे केले. सर्व शैली जणू एका गोदामात पडलेल्या असतात आणि कलावंत हव्या त्या उचलतो. ई. अ‍ॅन कॅप्लन यांच्या १९८७ च्या ग्रंथापासून एमटीव्हीकडे अशा संस्कृतीचा नमुना म्हणून पाहिले गेले. शिवाय चित्रफीत ही मुळात ध्वनिमुद्रिका विकण्यासाठी केलेली जाहिरात असते. तेव्हा कॅरावॅज्जिओ असो की तार्कोव्हस्की, ते येथे वेष्टनाचा चकचकीत कागद म्हणून आले आहेत, असा हा आरोप आहे. तिन्ही पक्षांत हा सर्वांत समर्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याला उत्तर द्यायचे तर या प्रतिमांत एखादे आंतरिक सूत्र आहे, हे कृतीतूनच दाखवावे लागेल.

ते सूत्र थॉमस आणि पंखांचा म्हातारा यांच्यात सापडते. येशू पुन्हा उठला, हे ऐकून थॉमसचे समाधान होत नाही. जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणतो. कॅरावॅज्जिओने ते बोट अगदी जवळून, कातडीचा पदर उचलला जाताना रंगवले आहे. मार्केस यांच्या कथेतील गावकऱ्यांचेही हेच चालते. अंगणात पडलेला हा जीव देवदूत आहे काय, हे ठरवण्यासाठी पाद्री त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलून पाहतो. लोक त्याची पिसे उपटतात. तो हलत नाही म्हणून तापल्या लोखंडाने त्याच्या कुशीला डागतात. घरमालक त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवून पाहण्याचे पैसे घेतात. दोन्ही प्रसंगांत दिव्यत्व समोर आहे आणि माणूस त्याच्याकडे पुरावा मागतो आहे. पुरावा म्हणजे दुसऱ्याचे शरीर, आणि तेही दुखावलेले. सेबास्टियनचे बाणविद्ध शरीरही याच मालिकेत बसते. तेही पाहणाऱ्यांपुढे उघडे मांडलेले आहे.

आता गाण्याकडे वळावे. त्यातील निवेदक एका व्यक्तीच्या प्रत्येक हालचालीत आपल्यासाठी काही इशारा आहे काय, हे शोधतो आहे. तो इशारा खरा की आपल्या मनाचा खेळ, याचा त्याला निर्णय करता येत नाही. आपले मन उघडे पडल्याची लाज आणि ते पुरते न उघडल्याची तगमग एकाच वेळी त्याला जाळते. एकतर्फी प्रेम करणारा आणि थॉमस एकाच आजाराचे रुग्ण आहेत. दोघांनाही विश्वास पुरत नाही, खूण हवी असते. चित्रफितीने प्रेमगीताचे धर्मचिंतन केले, हा पहिल्या पक्षाचा आक्षेप आणि ती श्रद्धाभंगाची आहे, हा दुसऱ्या पक्षाचा दावा, हे दोन्ही या जागी निष्प्रभ होतात. गाणे आणि दृश्य यांना जोडणारा दुवा विषयाचा नाही, मनःस्थितीच्या घडणीचा आहे. त्याला पुराव्याची तहान म्हणावे.

आरंभीचे दुधाचे भांडेही या प्रकाशात पाहता येते. 'द सॅक्रिफाइस'मध्ये ते पडते तेव्हा वरून लढाऊ विमाने जात असतात. जगावर आलेल्या युद्धाचा हादरा घरात जाणवतो. चित्रफितीत विमाने नाहीत, युद्ध नाही. कारण काढून घेतले आणि परिणाम तेवढा ठेवला. जेमसन यांच्या दृष्टीने ही प्रतिमा रिकामी झाली. पण दृश्यात एक गोष्ट नव्याने आली आहे. बाकीचे धावत असताना एक माणूस बसून राहिला आहे. हादरा बाहेरून आलेला नसून त्या बसलेल्या माणसाच्या आतून आला असावा, असे दृश्य सुचवते. उसन्या प्रतिमेला नवे कारण मिळाले. अवतरण जिवंत असल्याची याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही.

६

हेच सूत्र कसोटी म्हणून वापरले, की चित्रफितीचे उणेपणही दिसू लागते. लोखंडी पंख घडवणारे कामगार या सूत्रात ओढूनताणूनच बसवावे लागतात. हाताने पंख घडवणे हा पुरावा मागण्याला पर्याय आहे, असा अर्थ लावता येईल. पण तो भार दृश्य पेलत नाही. ते शैलीच्या आकर्षणाने आलेले वाटतात.

हिंदू देवतांच्या देखाव्यांचे अपयश अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण दिग्दर्शक भारतीय आहे. दर्शन ही कल्पना पुराव्याच्या कल्पनेहून मूलतः भिन्न आहे. दर्शनात भक्त देवाकडे पाहतो आणि देवही भक्ताकडे पाहतो. तेथे तपासणीला जागा नाही, जखमेत बोट घालण्याचा प्रश्नच नाही. थॉमसच्या शेजारी दर्शनाची ही कल्पना खऱ्या अर्थाने उभी केली असती, तर चित्रफितीत विरोधाचा एक विलक्षण ताण निर्माण झाला असता. तसे झालेले नाही. देवता येथे रंग आणि अलंकार म्हणून येतात व निघून जातात. युरोपीय प्रतिमांना त्यांचा प्रसंग मिळाला, भारतीय प्रतिमांना केवळ वेशभूषा मिळाली.

तथापि चित्रफितीतील भारतीयत्व या देवतांत शोधणेच चुकीचे आहे. भारतीय चित्रपटांप्रमाणे सारे भावनेने ओथंबलेले, स्वप्नवत असावे, अशी दिग्दर्शकाची इच्छा होती, असे स्टाइप यांनी सांगितले आहे. ती इच्छा फळाला आली ती मांडणीत. पात्रांनी प्रेक्षकाकडे तोंड करून, चौकटीच्या मध्यभागी, जणू पाहिले जाण्यासाठीच उभे राहणे ही दिनदर्शिकांवरील चित्रांची, पौराणिक नाटकांची आणि फाळक्यांपासूनच्या पौराणिक चित्रपटांची रीत आहे. थॉमस आणि सेबास्टियनही येथे त्या रीतीने उभे राहतात. आणखी एक गोष्ट. आधीच्या चित्रफितींत स्टाइप यांनी ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवणे बहुतेक टाळले होते. येथे त्यांनी ते केले. पार्श्वगायनावर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही. रॉक संगीताच्या प्रामाणिकपणाच्या कल्पनेला मात्र ती मोठी सवलत होती. कृत्रिमता लपवण्यापेक्षा ती उघडपणे स्वीकारावी आणि तिच्यातूनच भाव उत्कट करावा, हा धडा येथे भारतीय चित्रपटाकडून आला आहे.

तारसेम सिंग यांच्या पुढील चित्रपटांनी या निर्णयाला पुष्टीच दिली. 'द सेल' (२०००) या चित्रपटावर दृश्यवैभव आहे पण आशय तोकडा, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. 'द फॉल' (२००६) मध्ये मात्र जोधपूर आणि अभानेरीच्या चाँद बावडीसारखी स्थळे एका रुग्णाने लहान मुलीला सांगितलेल्या गोष्टीत गुंफली गेली. ती गोष्ट सांगणाऱ्याच्या मनःस्थितीने बदलत जाते, म्हणून तेथील दृश्यवैभवाला कारण मिळते. दृश्याला कारण मिळाले की वैभव अर्थपूर्ण होते, हेच या चित्रफितीतही दिसून येते.

७

एकंदरीत ही चित्रफीत निर्दोष नाही, पण ती निरर्थकही नाही आणि काटेकोर अर्थाने अतिवास्तववादीही नाही. एका वाक्प्रचाराचा रूढीने बुजलेला अर्थ तिने उघडा केला, आणि प्रेम व श्रद्धा या दोहोंना पोखरणारी पुराव्याची तहान एका चौकटीत आणली. जेथे तिच्या प्रतिमा या तहानेशी बांधल्या गेल्या तेथे ती श्रेष्ठ आहे, आणि जेथे सुटल्या तेथे ती सजावट आहे. असा विभागून निर्णय देणे पुष्कळांना अपुरे वाटते; परंतु कवितेच्या बाबतीत समीक्षा नेहमी हेच करत आली आहे.

एकनाथांच्या भारुडाला हसणारा श्रोता शेवटी त्यातील पारमार्थिक अर्थ हाती घेऊन घरी जात असे. कवी स्वतःच ती किल्ली देत असे. मुक्ताबाईंच्या नावावरील मुंगीच्या अभंगासारख्या कूट रचनेत किल्ली दिलेली नसते. पण परंपरेने 'ज्याचा त्याने अर्थ लावावा' असे म्हणून तिला वाऱ्यावर सोडले नाही. तिच्यावर पिढ्यानपिढ्या निरूपणे झाली, आणि कोणते निरूपण रचनेला धरून आहे व कोणते नाही, याचा निवाडाही होत राहिला. अर्थ अनेक असतात याचा अर्थ सगळे सारखेच ग्राह्य असतात असा नव्हे. लक्षणा, व्यंजना, निरूपण ही साधने ज्या विद्याशाखेपाशी आहेत, तिने चलत्चित्रांच्या या नव्या कूटांसमोर ती खाली ठेवण्याचे कारण नाही. विद्यार्थी ही कूटे पाहतच असतात. ती वाचायची कशी, हे त्यांना वर्गात शिकवले जाते की नाही, एवढाच प्रश्न आहे.